एका आख्यानाच्या दोन आवृत्त्या : सेसिल डिमिल आणि 'दहा आज्ञा'

चित्रपटविषयक गंभीर लेखनात सेसिल डिमिल या अमेरिकन दिग्दर्शकाचे नाव बहुधा एखाद्या विशेषणासारखे वापरले जाते. अवाढव्य नेपथ्य, हजारोंचे जमाव, रत्नजडित राण्या आणि शेवटी नीतीचा विजय, एवढे सुचवायचे असले की त्याचे नाव घ्यावे आणि पुढे जावे, असा जणू प्रघात पडला आहे. कलागुणांच्या कसोटीवर ही उपेक्षा काही अंशी समर्थनीय ठरेलही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती परवडणारी नाही. एकच प्राचीन आख्यान, एकाच शीर्षकाखाली, तेहतीस वर्षांच्या अंतराने दोनदा सांगण्याचा योग फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येतो. डिमिलच्या वाट्याला तो आला. बायबलच्या निर्गम ग्रंथातील मोशेची कथा त्याने 'द टेन कमांडमेंट्स' या नावाने प्रथम १९२३ साली मूकपटात सांगितली आणि पुन्हा १९५६ साली रंगीत बोलपटात सांगितली. या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे प्राचीन मिसर देशाविषयी फारसे काही कळत नाही. विसाव्या शतकातील अमेरिकेविषयी मात्र पुष्कळ कळते. पहिल्या आवृत्तीत पाप माणसाच्या स्वतःच्या घरात राहते. दुसऱ्या आवृत्तीत ते परक्या सिंहासनावर जाऊन बसलेले आहे. पापाचे हे स्थलांतर कसे घडले, हा डिमिलच्या अभ्यासातील खरा प्रश्न आहे.

डिमिलचा जन्म १२ ऑगस्ट १८८१ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲशफील्ड येथे झाला. त्याचे वडील हेन्री हे नाटककार होते. डेव्हिड बेलास्को या त्या काळच्या नामवंत रंगकर्मीबरोबर त्यांनी नाटके लिहिली. त्याचबरोबर ते एपिस्कोपल पंथाच्या चर्चमध्ये धर्मवाचक म्हणूनही काम करीत आणि घरी मुलांना बायबलचे अध्याय वाचून दाखवीत. १८९३ साली ते वारले. आई ज्यू घराण्यातील होती. पतीच्या मागे तिने प्रथम मुलींची शाळा चालविली आणि पुढे नाटककारांची मध्यस्थ म्हणून व्यवसाय केला. रंगभूमी आणि धर्मग्रंथ हे दोन वारसे अशा रीतीने एकाच घरात नांदत होते. डिमिलने आयुष्यभर या दोहोंपैकी एकालाही सोडले नाही, आणि त्यांच्यातील विसंगती त्याला कधी जाणवली असेही दिसत नाही.

१९१३ च्या अखेरीस तो हॉलिवुडला आला आणि एका धान्याच्या कोठारात बिऱ्हाड थाटून त्याने ऑस्कर ॲपफेलच्या सहकार्याने 'द स्क्वॉ मॅन' हा चित्रपट केला. १९१५ सालच्या 'द चीट' या चित्रपटातील छायाप्रकाशाच्या योजनेने त्याला पॅरिसच्या साहित्यिकांतही चाहते मिळवून दिले. परंतु त्याला स्वतःची वाट सापडली ती पहिल्या महायुद्धानंतर. 'ओल्ड वाइव्ह्ज फॉर न्यू' (१९१८), 'डोन्ट चेंज युवर हजबंड' (१९१९) यांसारख्या चित्रपटांत त्याने श्रीमंतांच्या दांपत्यजीवनातील कुरबुरी, घटस्फोट आणि उंची शयनगृहे यांचे दर्शन घडविले. यांपैकी काही कथांमध्ये एकदम प्राचीन काळाचा पडदा उघडे : 'मेल अँड फीमेल' (१९१९) मध्ये बॅबिलोन अवतरते, तर 'मॅनस्लॉटर' (१९२२) मध्ये आधुनिक तरुणांच्या मद्यपानाशेजारी रोमचा विलास उभा राहतो. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी अमलात होती. पापाचे सविस्तर दर्शन आणि त्यामागोमाग शिक्षा, ही जोडी येथे पक्की झाली. टीकाकारांनी तिला दांभिकता म्हटले, आणि हा आक्षेप खोटा नाही. मात्र त्यातील एक गोष्ट सहसा नजरेआड होते : या चित्रपटांत बॅबिलोन आणि रोम ही परकी राष्ट्रे नाहीत. ती अमेरिकन दिवाणखान्याचीच जुनी नावे आहेत.

१९२१ आणि १९२२ या दोन वर्षांत काही गाजलेल्या प्रकरणांमुळे हॉलिवुडच्या नीतिमत्तेविषयी देशभर ओरड झाली. निर्मात्यांनी १९२२ साली विल हेज यांच्या अध्यक्षतेखाली संघटना उभारून आत्मसंयमाची हमी दिली. त्याच वर्षी डिमिलने वृत्तपत्रातून स्पर्धा जाहीर करून पुढच्या चित्रपटासाठी वाचकांकडून विषय मागविले, आणि आलेल्या पत्रांतून दहा आज्ञांची कल्पना निवडली. नोव्हेंबर १९२२ मध्ये तूतनखामेनच्या थडग्याचा शोध लागला होता, त्यामुळे इजिप्तविषयी कुतूहलही शिगेला पोचले होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्वादलूप गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत फारोचे नगर उभारण्यात आले. पॉल इरिब या फ्रेंच कलावंताने त्याची रचना केली. शंभर फुटांहून उंच तट आणि दुतर्फा प्लास्टरचे २१ स्फिंक्स होते. निर्गमाच्या दृश्यासाठी लॉस एंजेलिसमधील सनातनी ज्यू कुटुंबे आणली होती. खर्च १४ लाख डॉलरांच्या घरात गेला. त्यावरून पॅरामाउंट कंपनीच्या चालकांशी जो तंटा झाला, त्याची परिणती डिमिलने १९२५ साली कंपनी सोडण्यात झाली.

एवढा खटाटोप करून उभारलेला मिसर या चित्रपटाचा केवळ पूर्वार्ध व्यापतो. तांबडा समुद्र दुभंगतो, पर्वतावर आज्ञा मिळतात, पायथ्याशी सोन्याच्या वासराची पूजा होते, आणि मग कळते की ही सारी कथा एक आधुनिक अमेरिकन आई आपल्या दोन मुलांना ग्रंथातून वाचून दाखवीत आहे. जॉन हा सुतार श्रद्धावान. डॅन हा आज्ञांची टवाळी करणारा. डॅन कंत्राटदार होतो, श्रीमंत होतो, आणि एका चर्चच्या बांधकामात सिमेंटमध्ये लबाडी करतो. त्या चर्चची भिंत कोसळते ती त्याच्याच आईच्या अंगावर. महाराष्ट्रीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. डिमिलने हा क्रम उलटा केला. आख्यान आधी सांगून त्याचे निरूपण त्याने सॅन फ्रान्सिस्कोतील एका कुटुंबावर केले. समकालीन परीक्षकांना पूर्वार्ध भव्य आणि उत्तरार्ध बेताचा वाटला. दृश्य म्हणून ते बरोबरही आहे. परंतु चित्रपटाचा आशय त्या बेताच्या उत्तरार्धातच आहे. तेथे नियम मोडणारा पोटचा मुलगा आहे, आणि त्या अपराधाचे साधन सिमेंटची भेसळ, म्हणजे रोजच्या व्यवहारातली चोरी आहे. इतकेच नव्हे, तर प्राचीन भागातही वासरापुढे नाचणाऱ्यांत मोशेची बहीण मिर्याम आहे, आणि कोड तिच्याच अंगावर उठते. ग्रंथात मिर्यामच्या कोडाचा प्रसंग आहे, परंतु तो वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या कारणाने येतो. डिमिलने तो उचलून वासरापाशी आणला. पाप घरातले आहे हे दाखविण्यासाठी त्याने धर्मग्रंथाची मांडणी बदलली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरच्या काळात हा समतोल हळूहळू ढळत गेला. 'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) या ख्रिस्तचरित्राचा आरंभ मेरी मॅग्दालीनच्या महालात, झेब्रे जुंपलेल्या रथासह होतो. या चित्रपटाने ज्यूंविषयीचा द्वेष वाढेल अशी तक्रार ज्यू संस्थांनी केली, तेव्हा त्यात काही फेरफार करावे लागले. त्या वेळी सल्लागार असलेल्या डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूने पुढे १९३० साली चित्रपटांची निर्मितीसंहिता लिहिण्यात प्रमुख भाग घेतला. आणि १९३२ साली डिमिलचा 'द साइन ऑफ द क्रॉस' आला तेव्हा त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत तोच होता. या चित्रपटात नीरोचा दरबार, राणीचे दुधातील स्नान आणि रिंगणातील क्रौर्य यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांना पार झाकून टाकले आहे. परंतु या चित्रपटाचा सर्वांत उद्बोधक भाग १९३२ चा नाहीच. १९४४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला एक नवा प्रस्ताव जोडण्यात आला : युद्धातील अमेरिकन बाँबफेकी विमाने रोमवरून जात आहेत, आणि त्यांतील माणसे खालच्या नगराच्या इतिहासाविषयी बोलत आहेत. मूळ चित्रपट जवळपास तोच. प्रेक्षकाला मात्र आता वरून पाहायला शिकविले आहे. १९२२ मध्ये रोम हा अमेरिकेचा आरसा होता. १९४४ मध्ये ते अमेरिकेचे लक्ष्य झाले.

या परिवर्तनाचे मूळ केवळ युद्धात शोधता येणार नाही. डिमिलच्या सार्वजनिक जीवनातील दोन प्रसंग त्यासाठी पाहावे लागतात. १९३६ पासून तो 'लक्स रेडिओ थिएटर' या अत्यंत लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रमाचा सूत्रधार होता. १९४४ साली कॅलिफोर्नियात कामगारसंघटनांच्या सक्तीच्या सभासदत्वाविरुद्ध एक प्रस्ताव मतदानास आला. नभोवाणी कलावंतांच्या संघटनेने त्या प्रस्तावाला विरोध करण्यासाठी प्रत्येक सभासदाकडून एक डॉलर मागितला. डिमिल प्रस्तावाच्या बाजूचा होता. आपल्याच मताविरुद्धच्या प्रचारासाठी पैसे देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, असे म्हणून त्याने तो डॉलर नाकारला. परिणामी १९४५ च्या आरंभी त्याला कार्यक्रम आणि त्यापासूनचे मोठे उत्पन्न सोडावे लागले. न्यायालयात जाऊनही यश आले नाही. त्याचे राजकीय मत काहीही असो, व्यक्तीच्या मनावर समूहाने सक्ती करू नये हे तत्त्व त्याने स्वतःच्या खिशाला झळ लावून पाळले, हे मान्य करावे लागते.

दुसऱ्या प्रसंगात मात्र हेच तत्त्व उलटे झाले. १९४७ साली संसदीय समितीपुढे उत्तरे नाकारणाऱ्या दहा लेखक-दिग्दर्शकांवर खटले होऊन हॉलिवुडमध्ये बहिष्काराचे युग सुरू झाले होते. १९५० साली दिग्दर्शकांच्या संघटनेचे अध्यक्ष जोसेफ मँकिविझ परदेशी असताना, डिमिलच्या पुढाकाराने कार्यकारी मंडळाने एक ठराव पुढे आणला : आपण कम्युनिस्ट नाही अशी शपथ प्रत्येक सभासदाने घेतलीच पाहिजे. मतदान गुप्त नव्हते. मतपत्रिकेवर सभासदाचे नाव होते. मँकिविझने आक्षेप घेताच त्यालाच पदच्युत करण्यासाठी सभासदांकडे मतपत्रिका पाठविण्यात आल्या, आणि त्यांवर फक्त होकाराचीच जागा होती. २५ सभासदांच्या मागणीवरून २२ ऑक्टोबर १९५० रोजी बेव्हर्ली हिल्स येथे बोलाविलेली सभा मध्यरात्र उलटून गेली तरी चालली. शेवटी जॉन फोर्डने डिमिलच्या कर्तृत्वाचा गौरव करूनही त्याच्या विरोधात कौल दिला आणि संपूर्ण मंडळाला राजीनामा द्यावा लागला. हा स्वातंत्र्याचा निर्भेळ विजय नव्हता. काही दिवसांतच खुद्द मँकिविझने सभासदांना शपथ स्वेच्छेने घ्यावी असे सुचविले. तथापि डिमिलपुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. संघटनेला एक डॉलर देण्याची सक्ती त्याला जुलूम वाटली होती. त्याच मनुष्याला संघटनेपुढे मन उघडे करण्याची सक्ती देशभक्ती वाटली. धोका आता आत राहिलेला नव्हता. तो बाहेरून आत शिरलेल्या हस्तकांचा होता.

या पार्श्वभूमीवर १९५६ चा चित्रपट पाहिला पाहिजे. १९५४ च्या अखेरीस इजिप्तमध्ये चित्रण झाले. तेथे नेपथ्याच्या उंच द्वारावर चढताना डिमिलला हृदयविकाराचा झटका आला, तरी त्याने काम थांबविले नाही. साडेतीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटाचा खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर होता. आरंभी डिमिल स्वतः पडद्याबाहेर येऊन सांगतो की मानवाने ईश्वराच्या नियमाने चालावे की हुकूमशहाच्या लहरीने, मनुष्य स्वतंत्र आत्मा आहे की राज्याची मालमत्ता, हा या कथेचा विषय असून तोच लढा आजही जगात चालू आहे. आधुनिक कुटुंबाची कथा आता नाही. तिची जागा या भाषणाने घेतली आहे. निरूपण कुटुंबावरून जागतिक राजकारणावर गेले.

ग्रंथनिष्ठेचा दावा येथे पूर्वीपेक्षाही मोठा आहे. फायलो, जोसीफस, युसेबियस, मिद्राश अशी आधारांची यादी नामावलीत झळकते आणि हेन्री नोर्डलिंगर या संशोधन-साहाय्यकाचा ग्रंथही त्याच वर्षी विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झाला. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे एका वचनात बालक आहे आणि पुढच्याच वचनात प्रौढ. ही पोकळी पटकथेने प्राचीन लेखकांच्या आणि आधुनिक कादंबऱ्यांच्या साहाय्याने भरून काढली. असे भरणे हा आख्यानकाराचा परंपरागत हक्कच आहे. विचार करावयाचा तो भरलेल्या मजकुराच्या दिशेचा. सोन्याच्या वासराचा प्रसंग पाहावा. ग्रंथात लोकच अधीर होतात आणि खुद्द मोशेचा भाऊ अहरोन मूर्ती घडवितो. पहिल्या चित्रपटात तेथे बहीण होती. दुसऱ्या चित्रपटात मिर्याम निष्कलंक आहे, अहरोन बळजबरीने राबविला जातो, आणि लोकांना भडकविणारा दाथान आहे : इस्राएलांत जन्मलेला, पण मिसऱ्यांना बातम्या पुरवून मोठा झालेला. स्वजनांचे पाप आता स्वजनांचे उरले नाही. ते शत्रूच्या हस्तकाचे झाले.

शेवटच्या दृश्यातही असाच फेरफार आहे. निरोप घेताना मोशे देशभर मुक्ती पुकारण्याचा आदेश देतो आणि हात उंचावून उभा राहतो. ते शब्द लेवीय ग्रंथातील असून फिलाडेल्फियाच्या सुप्रसिद्ध स्वातंत्र्यघंटेवर कोरलेले आहेत. ग्रंथात मोशेच्या अंतकाळी हे शब्द येत नाहीत. त्यांचे मूळ स्थान योबेल वर्षाच्या विधीत आहे : पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि ऋणापायी बांधला गेलेला मनुष्य आपल्या घरी जावा, असा तो विधी. म्हणजे ही मुक्ती मूळात आपल्याच समाजातील सावकार आणि जमीनदार यांना उद्देशून आहे. चित्रपटात ती सीमेपलीकडील जुलमी राजाविरुद्धची घोषणा झाली.

एवढ्यावरून डिमिलला केवळ प्रचारक ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. दाथानच्या भूमिकेसाठी त्याने एडवर्ड रॉबिन्सन या नटाची निवड केली. रॉबिन्सन तेव्हा राजकीय संशयामुळे मोठ्या चित्रपटांना पारखा झाला होता, आणि डिमिलने आपल्याला पुन्हा स्वाभिमान मिळवून दिला असे त्याने आपल्या आत्मचरित्रात कृतज्ञतेने नमूद केले आहे. संगीतकार एल्मर बर्नस्टाइनवरही संशयाची छाया होती. त्यालाही काम मिळाले. संशयितांच्या विरोधात नियम करणारा मनुष्य एका संशयिताला आधार देतो, आणि देतो तो नेमकी देशद्रोह्याची भूमिका देऊन! या घटनेत औदार्य किती आणि मनातील अबोध न्याय किती, हे ठरविणे कठीण आहे. डिमिलच्या स्वभावात दोन्ही होते एवढे म्हणता येते.

धर्मकथेतून वर्तमान सांगण्याची रीत भारतीय वाचकाला अपरिचित नाही. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. 'भक्त विदुर' (१९२१) या मूकपटातील विदुराला गांधीटोपी होती, म्हणून तोही काही ठिकाणी बंद झाला. या उदाहरणांशी डिमिलची तुलना केली म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. तेथे पुराणाचा आडोसा दुर्बळाने सत्तेविरुद्ध घेतला होता. डिमिलला आडोशाची गरजच नव्हती. त्याचे म्हणणे त्याच्या देशातील प्रबळ मताचेच म्हणणे होते. म्हणूनच त्याच्या आज्ञा पडद्यावर थांबल्या नाहीत. 'फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स' या संघटनेच्या मार्फत, त्याच्या सहकार्याने, दहा आज्ञांचे शिलास्तंभ अमेरिकेतील गावोगावी उभे राहिले. काहींच्या अनावरणाला चित्रपटातील नट हजर होते. त्याच संघटनेने १९६१ साली टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात उभारलेला स्तंभ राज्यघटनेशी सुसंगत आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ साली पाचाविरुद्ध चार मतांनी तो स्तंभ राहू देण्यात आला. मूर्तिपूजेचा निषेध सांगणाऱ्या आज्ञेचीच मूर्ती झाली, असेही म्हणता येईल.

डिमिल २१ जानेवारी १९५९ रोजी वारला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने विनोदाने लिहिले होते की हजार वर्षांनी उत्खनन करणारे विद्वान ग्वादलूपची वाळू उपसतील आणि इजिप्तची संस्कृती पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचली होती असे जाहीर करतील. हजार वर्षे वाट पाहावी लागली नाही. १९२३ साली वाळूत सोडून दिलेल्या त्या नगराचा शोध १९८३ पासून सुरू झाला. पुढे २०१४ आणि २०१७ सालच्या उत्खननांत प्लास्टरच्या स्फिंक्सचे मोठे अवशेष निघाले, आणि ते गावातील संग्रहालयात जपून ठेवण्यात आले. परंतु त्यांना इजिप्तचे म्हणण्याची चूक कोणीही केली नाही. ते १९२३ सालच्या अमेरिकेचे अवशेष म्हणूनच नोंदले गेले. डिमिलच्या चित्रपटांचेही वाचन याच रीतीने व्हावयास हवे. ते भव्य आहेत की भडक, ग्रंथाला धरून आहेत की सोडून, हे प्रश्न गौण ठरतात. आपल्या समाजाने दोष कोठे पाहिला याची इतकी स्पष्ट नोंद दुसऱ्या कोणा लोकप्रिय आख्यानकाराने क्वचितच ठेवली असेल. आणि त्या नोंदीप्रमाणे पाहता, सिमेंटमध्ये भेसळ करणाऱ्या मुलाची साधी, बेताची कथा साडेतीन तासांच्या त्या दैदीप्यमान महाकथेपेक्षा दहा आज्ञांच्या अधिक जवळची आहे, असाच निर्णय द्यावा लागतो.